सावकाश गाडीचे नियम

आजचा विषय एका लहानशा गाडीचा आहे. विमानतळावर, मोठ्या रेल्वे स्थानकाच्या फलाटावर, विस्तीर्ण आवाराच्या विद्यापीठात किंवा रुग्णालयात आपण ती पाहिली असेल. तिला छप्पर असते, पण दारे नसतात. चार-सहा माणसे तीत दाटीवाटीने बसतात. आवाज नाही, धूर नाही, आणि चाल म्हणाल तर धावत्या माणसाहून थोडी अधिक. गोल्फच्या मैदानावर खेळाडूंना व त्यांच्या सामानाला नेण्यासाठी १९५० च्या दशकात अमेरिकेत ही विजेवरची गाडी रूढ झाली, म्हणून तिला गोल्फ कार्ट हे नाव पडले. गोल्फ हा खेळ आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिला असेल. परंतु त्या खेळाची गाडी मात्र आपल्या ओळखीची झाली आहे.

आता असे समजा की, ही गाडी आवाराच्या फाटकातून बाहेर पडली आणि बेळगावच्या खडेबाजारात किंवा निपाणीच्या जुन्या पेठेत येऊन उभी राहिली. तिला कोणता नियम लागू पडेल? ती कोणी चालवावी, कोणत्या रस्त्याने, किती वेगाने? तिचा धक्का लागून कोणी जायबंदी झाले, तर भरपाई कोणी द्यावी? वरवर पाहता हे प्रश्न किरकोळ वाटतात. तथापि अशाच एका सावकाश गाडीचा प्रश्न महाराष्ट्रातील एका लहान गावातून निघून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे, आणि त्यात नव्वदच्या आसपास कष्टकऱ्यांच्या भाकरीचा व त्यांच्या माणूसपणाचा प्रश्न गुंतलेला आहे. त्या गावाकडे आपण जाऊच. पण त्याआधी कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू.

आपल्या देशातील मोटारगाड्यांचा मुख्य कायदा १९८८ सालचा. त्यापूर्वीचा १९३९ सालचा कायदा रद्द होऊन तो आला. मोटार वाहन म्हणजे काय, याची व्याख्या त्यात दिली आहे, आणि त्या व्याख्येतून काही वाहने वगळली आहेत. कारखान्यात किंवा दुसऱ्या एखाद्या बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी तयार केलेले विशेष प्रकारचे वाहन हे मोटार वाहन मानले जात नाही. म्हणून फलाटावरच्या किंवा विद्यापीठाच्या आवारातल्या गाडीला आपण नंबराची पाटी पाहत नाही. आवाराचा मालक तेथील शिस्तीला जबाबदार असतो, आणि गाडीचे जग त्या कुंपणापुरते असते.

परंतु तीच गाडी लोकांच्या रस्त्यावर येताच तिचे स्वरूप बदलते. ज्या वाटेवर जनतेला जाण्यायेण्याचा हक्क आहे, ती सार्वजनिक जागा, मग तो हमरस्ता असो की बोळ. अशा जागी मोटार वाहन चालवावयाचे तर त्याची नोंदणी हवी, चालकाजवळ परवाना हवा, आणि तिऱ्हाईताच्या नुकसानीबद्दलचा विमा हवा. ही तीन बंधने पुष्कळांना सरकारी कटकट वाटतात. वस्तुतः त्यांतले प्रत्येक बंधन रस्त्याने चालणाऱ्या अनोळखी माणसासाठी आहे. नोंदणीमुळे गाडीचा मालक सापडतो, परवान्यामुळे चालकाला गाडी हाकता येते याची खात्री पटते, आणि विम्यामुळे जखमी झालेल्याला दवाखान्याचा खर्च मिळण्याची शक्यता निर्माण होते. गाडी सावकाश चालते म्हणून या तिन्हींपैकी एकाचीही गरज उरत नाही, असे म्हणता येणार नाही.

विजेवरच्या गाड्यांत कायद्याने चाकांवरूनही भेद केला आहे, आणि येथेच लोकांची गफलत होते. ज्या दुचाकीच्या मोटारीची शक्ती पाव किलोवॉटहून कमी, कमाल वेग तासाला २५ किलोमीटरहून कमी आणि वजन ६० किलोच्या आत आहे, तिला नोंदणी व परवाना यांतून सूट आहे. तीन चाकांची ई-रिक्षा हा दुसरा वर्ग. तिच्यासाठी २०१५ साली मूळ कायद्यातच एक स्वतंत्र कलम घालण्यात आले. तिची शक्ती ४,००० वॉटपर्यंत, वेग २५ किलोमीटरपर्यंत आणि प्रवासी चालकाखेरीज चार. तिला नोंदणी लागते, आणि चालकाला परवान्यापूर्वी किमान दहा दिवसांचे शिक्षण घ्यावे लागते. गोल्फ कार्टला मात्र चाके चार. दुचाकीची सवलत तिला नाही, आणि तीन चाकांच्या ई-रिक्षेच्या कलमातही ती बसत नाही. कोणी हौसेने अशी गाडी विकत आणून ‘बॅटरीवरच तर चालते’ म्हणून ती गल्लीत फिरवू लागला, तर तो बिननोंदणीचे, बिनविम्याचे मोटार वाहन चालवीत आहे, असाच कायद्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ होतो.

शिक्षक या नात्याने येथे पालकांना एक गोष्ट सांगणे मला अगत्याचे वाटते. गाडी खेळण्यासारखी दिसली की, ती मुलांच्या हाती देण्याचा मोह होतो. विजेवरच्या दुचाक्यांच्या बाबतीत हा मोह आपण आपल्या शहरात रोज पाहतो. सूट वर सांगितलेल्या हलक्या दुचाकीला आहे. विजेवरच्या सर्वच दुचाक्यांना नाही. बाजारात वेगाने धावणाऱ्या ज्या गाड्या मिळतात, त्यांना नोंदणी व परवाना दोन्ही लागतात. अठरा वर्षांखालील मुलाने असे वाहन चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक अथवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड इतकी आहे. चावी हाती देताना बापाला हे ठाऊक असावे.

सावकाश गाडी धोक्याची कशी, असे कोणी विचारील. उत्तरासाठी आपल्याला दूर जावयास नको. उसाच्या हंगामात चिकोडी-निपाणी भागातील रस्ते आठवा. उसाने भरलेली बैलगाडी काय, किंवा दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर काय, वेगवान नसतो. तरीही अंधार पडल्यावर राष्ट्रीय महामार्गावर त्यांच्या मागून भरधाव मोटार आली की, काय घडते ते आपण सर्वजण जाणतो. मागे दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही, आणि दोन वाहनांच्या गतीत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर. अपघाताचे मूळ बैलाच्या संथ चालीत नसते. संथ आणि वेगवान यांना अंधारात एकाच पट्ट्यात सोडण्यात ते असते. हंगामाच्या तोंडी ट्रेलरला तांबडी चकाकती पट्टी लावण्याचा आग्रह धरला जातो, तो याच कारणाने.

दुसरा धोका गर्दीतला. २०१४ सालच्या जुलै महिन्यात दिल्लीत एका ई-रिक्षेचा धक्का एका बाईला लागला, आणि तिच्याजवळचे लहान मूल मिठाईच्या दुकानापुढील उकळत्या पाकाच्या कढईत पडून दगावले. गाडीचा वेग फार नव्हता. पण अशा हजारो ई-रिक्षा तेव्हा नोंदणीविना, परवान्याविना व विम्याविना धावत होत्या. उच्च न्यायालयापुढे प्रश्न गेला, आणि ३१ जुलै २०१४ रोजी न्यायालयाने दिल्लीतील ई-रिक्षांवर बंदी घातली. एका रात्रीत हजारो चालकांचा रोजगार थांबला. मग ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने नियम केले, आणि पुढील वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. आधी नियम व मागाहून गाडी असा क्रम असावयास हवा होता. तो उलटा झाला, आणि त्याची किंमत एका निरपराध बालकाने व असंख्य गरीब चालकांनी मोजली. बंदीने त्या आईला मूल परत मिळाले नाही, आणि नियमाच्या अभावी चालकालाही संरक्षण लाभले नाही.

परदेशांत या प्रश्नाचा विचार कसा झाला, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पीचट्री सिटी नावाचे शहर आहे. तेथे मोटारींच्या रस्त्यांपासून वेगळ्या, झाडांतून जाणाऱ्या सुमारे १६० किलोमीटर लांबीच्या वाटा आहेत. त्या वाटांनी लोक गोल्फ कार्टमधून बाजारहाटाला जातात, आणि मोठ्या इयत्तांतील विद्यार्थी शाळेलाही जातात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडील कॅटलिना बेटावर ॲव्हलॉन नावाचे छोटे गाव आहे. तेथे मोठ्या मोटारींच्या संख्येवर मर्यादा घातल्यामुळे घरोघरी लहान गाड्याच दिसतात. गावोगावी अशा गाड्या रस्त्यावर येऊ लागल्या, तेव्हा १९९८ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने ‘कमी वेगाचे वाहन’ असा एक नवा वर्ग ठरविला. ताशी २० ते २५ मैल वेग असलेल्या चारचाकी गाडीला पुढचे-मागचे दिवे, वळण्याची खूण, आरसे, पुढची काच, हातब्रेक आणि आसनाचा पट्टा असलाच पाहिजे, असे त्यात सांगितले. गाडी कशी असावी, हे केंद्राने ठरविले. ती कोणत्या रस्त्यावर चालावी, हा निर्णय मात्र राज्यांकडे आणि गावांकडे राहिला. ही वाटणी मला शहाणपणाची वाटते. कारण रस्त्याचा उतार, शाळेची वेळ आणि बाजाराची गर्दी ही गावाइतकी कोणाला ठाऊक असणार?

आता माथेरानकडे वळू. सह्याद्रीच्या एका डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, रायगड जिल्ह्यातील हे गाव वसले आहे. १८५० साली ठाण्याचे त्यावेळचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी ते इंग्रजांच्या नजरेस आणले, आणि १९०७ साली नेरळहून तेथे छोटी आगगाडी सुरू झाली. माथेरानचे वैशिष्ट्य असे की, तेथे मोटारीला प्रवेश नाही. दस्तुरी नाक्यावर मोटार ठेवावयाची, आणि पुढची अडीच-तीन किलोमीटरची वाट पायी, घोड्यावर किंवा माणसांनी ओढलेल्या रिक्षेतून जावयाचे. रुग्णवाहिकेसारखे अपवाद वगळता ही बंदी कसोशीने पाळली गेली. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून घोषित केला. आज तेथील झाडी, तांबडी माती आणि शांतता टिकून आहे, ती या बंदीमुळेच.

परंतु या शांततेचा भार कोणीतरी वाहत होते. हातरिक्षेला एक माणूस पुढे जुंपलेला असे, आणि मागून दोघे ढकलीत असत. चढ असो, चिखल असो, पावसाळा असो. बसणारा पर्यटक हवा खाण्यास आलेला. ओढणारा त्याच डोंगराचा रहिवासी, ज्याला दुसरे कामच मिळत नाही. गावातील वृद्धांना दवाखाना गाठणे अवघड, आणि मुलांना शाळेसाठी रोज मैलोगणती चालणे भाग. बंदीचा नियम झाडांसाठी उत्तम होता. माणसांच्या बाबतीत मात्र तो अर्धवट राहिला होता.

रिक्षा ओढणाऱ्यांनीच मग आवाज उठविला. आम्हाला विजेवरची रिक्षा चालवू द्या, अशी त्यांची मागणी होती. ओढण्याचे काम सुटावे आणि रोजगार मात्र सुटू नये, एवढेच त्यांना हवे होते. घोडेवाल्यांचा तिला विरोध झाला, आणि तोही समजण्यासारखा आहे, कारण त्यांचेही पोट त्याच वाटेवर अवलंबून. उद्या ई-रिक्षेमागून मोटारीही येतील, ही निसर्गप्रेमींची भीतीही निराधार म्हणता येणार नाही. २०२२ सालच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा चालविण्यास अनुमती दिली. ५ डिसेंबर २०२२ पासून ४ मार्च २०२३ पर्यंत, तीन महिने, सात ई-रिक्षांचा प्रयोग झाला. वृद्ध, रुग्ण आणि शाळेची मुले यांना त्याचा लाभ झाला.

प्रयोग यशस्वी झाल्यावर खरा प्रश्न पुढे आला. या गाड्या कोणाच्या असाव्यात? ज्याच्याजवळ पैसा आहे त्याने चार-पाच गाड्या घेतल्या, आणि कालपर्यंत ओढणाऱ्याला आज पगारी चालक म्हणून ठेवले किंवा घरी बसविले, तर या सुधारणेतून त्याला काय मिळाले? जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की, ई-रिक्षा पूर्वीपासून हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्याव्यात. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यांची संख्या तूर्त वीसपुरती मर्यादित ठेवण्यात आली. तरीही वाटप खऱ्या कष्टकऱ्यांनाच झाले की नाही, हा वाद पुन्हा न्यायालयापुढे आलाच.

शेवटी ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने निर्णय दिला. स्वातंत्र्याला ७८ वर्षे आणि राज्यघटनेला ७५ वर्षे झाल्यावरही माणसाने माणसाला ओढावे, ही प्रथा अमानुष आहे, असे न्यायालयाने बजावले. ती सहा महिन्यांच्या आत टप्प्याटप्प्याने बंद करावी, आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाची योजना शासनाने आखावी, असा आदेश दिला. गुजरातमधील केवडिया येथे स्थानिकांना ई-रिक्षा भाड्याने चालविण्यास दिल्या आहेत, तो नमुना न्यायालयाने पुढे ठेवला. पैसा नाही ही सबब योजना न राबविण्यास चालणार नाही, असेही सुनावले. त्याबरोबर दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर फरसबंदी करण्यास परवानगी दिली. पण आतील रस्ते आणि डोंगरातील पायवाटा आहेत तशाच ठेवाव्यात, असे सांगितले. म्हणजे गाडी यावी, परंतु तिची वाट आखून द्यावी. माणसाची सुटका व्हावी, परंतु त्याची भाकरी जाऊ नये. आणि या दोन्हींसाठी डोंगराचा बळीही देऊ नये.

या निर्णयात न्यायालयाने आपल्याच एका जुन्या निकालाची आठवण केली आहे. पंजाबात सायकलरिक्षांचा परवाना केवळ ज्याची स्वतःची रिक्षा आहे त्यालाच द्यावा, असा कायदा १९७५ साली झाला. हेतू चांगला होता. पण ज्याला भाड्याची रिक्षाच परवडते, त्याने मालक व्हावे कसे? १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे हे प्रकरण आले. त्यांनी कायदा मोडीत काढला नाही. ओढणाऱ्याला बँकेचे कर्ज मिळावे, ते त्याने हप्त्यांनी फेडावे आणि रिक्षेचा मालक व्हावे, अशी योजनाच त्यांनी घालून दिली. चांगल्या नियमाला साधनाची जोड नसेल, तर तो गरिबाच्या गळ्याभोवती फास होतो, हे त्या निकालाने दाखवून दिले. माथेरानमध्ये पंचेचाळीस वर्षांनी तोच धडा नव्याने गिरवावा लागला.

श्रोतेहो, आता या सर्वांचा आपल्या सीमाभागाशी संबंध काय? बेळगावच्या गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार या पेठा मोटारींसाठी बांधलेल्या नाहीत. तेथे चालणाऱ्याला चालता येत नाही, आणि मोटारवाल्यालाही पुढे सरकता येत नाही. कपिलेश्वराच्या देवळात जाणारी वृद्ध आजी, कॅम्पातील चर्चला प्रार्थनेसाठी येणारे पेन्शनर गृहस्थ, सिव्हिल हॉस्पिटलात तपासणीसाठी आलेला खेड्यातला रोगी, या सर्वांना शेवटचा अर्धा मैलच जड जातो. निपाणीत विडीच्या कारखान्याकडे जाणाऱ्या कामकरी स्त्रिया सकाळ-संध्याकाळ रस्त्याच्या कडेने चालतात. सणासुदीच्या दिवसांत भर पेठेत मोटारी बंद ठेवाव्यात आणि अशक्त माणसांसाठी चार-सहा सावकाश गाड्या ठराविक वाटेने फिरवाव्यात, हा विचार मुळीच अव्यवहार्य नाही. ताजमहालाच्या आसमंतात पेट्रोल व डिझेलच्या गाड्यांना मज्जाव करून विजेवरच्या गाड्या चालतात, हे आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

परंतु हे करावयाचे तर अधिकार कोणाचे? गाडीचा प्रकार व तिची सुरक्षितता केंद्राच्या नियमांनी ठरते. नोंदणी व परवाना राज्याच्या परिवहन खात्याकडे आहे. बेळगावसाठी ते कार्यालय बेळगावात, आणि निपाणीसाठी चिकोडीत आहे. रस्त्याची डागडुजी, फरसबंदी व थांब्याची जागा ही कामे महापालिकेची किंवा नगरसभेची. रहदारीचे नियंत्रण पोलिसांचे. चार दारांवर चार कागद, आणि त्यामुळे सामान्यतः कोणीच काही करीत नाही, असा आपला अनुभव आहे. तथापि १९८८ च्या कायद्याचे ११५ वे कलम या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याच्या स्वरूपामुळे एखाद्या भागात अथवा रस्त्यावर वाहनांना मनाई करण्याचा किंवा मर्यादा घालण्याचा अधिकार राज्य सरकारला व त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला त्या कलमाने दिला आहे. एरवी अशी मनाई राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते. पण ती एक महिन्याहून अधिक काळ टिकणार नसेल, तर राजपत्राचीही गरज नाही. स्थानिक जनतेला नीट कळविले की पुरे. म्हणजे एक महिन्याचा प्रयोग करण्यास कायद्याची आडकाठी नाही. माथेरानने तीन महिने प्रयोग केला. आपल्याला एका पेठेत एक महिना करून पाहता येईल.

असा प्रयोग झाला, तर त्याचे नियम गाडी येण्यापूर्वीच लोकांपुढे मांडले पाहिजेत. गाडी नोंदणीस पात्र अशा प्रकारचीच असावी, आणि विम्याशिवाय तिने एक फेरीही मारू नये. तिची वाट ठरलेली असावी, आणि ती वाट महामार्गाला कोठेही छेदू नये, कारण तेथे भरधाव मालमोटारींपुढे या गाडीचा टिकाव लागणार नाही. शाळा सुटण्याच्या वेळी शाळेपुढून तिने माणसाच्या चालीनेच जावे. रात्री तिचे दिवे व चकाकत्या पट्ट्या तपासल्या जाव्यात. प्रवासी ठरलेल्या संख्येहून एकही अधिक नसावा. चारांच्या जागी आठ कोंबण्याची आपली सवय उघड्या गाडीत जीवघेणी ठरेल. दर पाटीवर लिहिलेला असावा. ती पाटी कन्नडमध्ये असावी, आणि जेथे लोक मराठी वाचतात तेथे मराठीतही असावी, कारण जो नियम वाचताच येत नाही, तो पाळला जाण्याची अपेक्षा करता येत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. या गाड्या कोणाला मिळाव्यात, हे पहिल्याच दिवशी ठरले पाहिजे. आपल्या पेठांत हातगाडी ओढणारे हमाल आहेत. जुन्या रिक्षेवर संसार चालविणारे, वय झालेले रिक्षावाले आहेत. नवी गाडी त्यांच्या हातचे काम हिरावणार असेल, तर पहिला हक्क त्यांचा असावा. गाडीची किंमत त्यांना एकदम परवडणार नाही, हे उघड आहे. तेव्हा सहकारी पतपेढीचे कर्ज, किंवा केवडियाप्रमाणे भाडेपद्धती, यांपैकी काही सोय नियमाबरोबरच झाली पाहिजे. सहकार ही काही आपल्या भागाला नवी गोष्ट नाही. उसाच्या कारखान्यासाठी जे जमले, ते दहा-वीस गाड्यांसाठी जमू नये, असे मला वाटत नाही.

सीमेवर राहणाऱ्या आपल्याला एक गोष्ट सहज उमजते. चालकाचा परवाना व गाडीची नोंदणी साऱ्या देशात ग्राह्य आहे, मग पाटीवर बेळगावची अक्षरे असोत की कोल्हापूरची. निपाणीचा माणूस सकाळी कागलला जातो आणि संध्याकाळी परततो. त्याचा परवाना नाक्यावर बदलत नाही. देशाचा कायदा दोन्ही बाजूंना एकच आहे. त्या कायद्याने गावाच्या हाती जे थोडे अधिकार ठेवले आहेत, त्यांचा उपयोग करून घेणे हे मात्र ज्या त्या गावाच्या शहाणपणावर अवलंबून आहे.

लहान गाड्या येत आहेत, आणि त्या यावयासही हव्यात. पायात बळ नसलेल्या आजीला त्यांची गरज आहे, आणि ज्याच्या खांद्यांवर ओढण्याचे घट्टे पडले आहेत, त्या हमालाला तर त्यांची अधिकच गरज आहे. महापालिकेच्या व नगरसभेच्या सदस्यांना आपण मते देतो. पुढच्या वेळी ते दारी आले की, गटार व नळ यांबरोबर हाही प्रश्न त्यांना अवश्य विचारावा. गाड्या दारात येऊन उभ्या राहण्यापूर्वीच तो विचारला गेला, तर दिल्लीसारखी हळहळ करण्याची पाळी आपल्या गावावर येणार नाही.